वर्षभराच्या वाचनाचा आढावा : पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

डिसेंबर आला की ‘यंदा काय काय वाचलंस?’ असं कुणीतरी विचारतं आणि आपण चार-पाच नावांवर अडकतो. त्यातली दोन दिवाळीनंतर वाचलेली असतात, एक सगळीकडे गाजत होतं म्हणून आठवतं आणि एखादं तर मागच्या वर्षीचं निघतं. वाचन झालेलं असतं, नोंद मात्र कुठेच नसते.

मी बऱ्याच वर्षांपासून वाचनाची वही ठेवते आणि वर्ष संपताना तिचा हिशेब लावते. आमच्या वाचनगटात नवीन आलेली मंडळी दर वेळी तेच प्रश्न घेऊन येतात : दिवाळी अंक धरायचे का? ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ म्हणायचं का? अर्धवट टाकलेल्यांचं काय करायचं? ती सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ‘किती वाचली’ हा आढाव्यातला सगळ्यात निरुपयोगी आकडा आहे. पुढच्या वर्षी पुस्तकं निवडताना काय बदलायचं, हे कळलं तर हा उद्योग कामाचा. नाहीतर नुसती यादी होते.

नोंदी अजिबात नसतील तर एक अख्खा रविवार धरून चाला. वही असेल तर एका संध्याकाळीत काम होतं.

आधी हे जवळ घ्या

- वही, डायरी किंवा फोनमधल्या नोंदी, असतील तशा
- ग्रंथालयाचं सभासद कार्ड आणि वर्गणीच्या पावत्या
- ऑनलाइन खरेदीची ऑर्डर हिस्टरी, यूपीआय अॅपमधले व्यवहार
- पुस्तक प्रदर्शनातली बिलं (पिशवीत किंवा पुस्तकातच खूण म्हणून सापडतात)
- फोनची गॅलरी
- किंडल, ऑडिओबुकचं अॅप, गुडरीड्सचं (वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या संकेतस्थळाचं) खातं, यातलं जे वापरत असाल ते
- यंदाचे दिवाळी अंक
- एक कोरी वही किंवा एक्सेल, गूगल शीट्स

१. वर्ष कुठे संपतं ते ठरवा

जानेवारी ते डिसेंबर हे सोपं दिसतं, पण मराठी वाचकाला त्यात एक खास अडचण आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्या वाचनाला वर्षाच्या शेवटी एक मोठा फुगवटा येतो. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि वाचून होतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घातलं असेल तर हवा तो अंक हाती पडेपर्यंत संक्रांत येते. ३१ डिसेंबरला रेघ ओढली की निम्मे अंक मधेच लटकतात.

म्हणून काहीजण गुढीपाडवा ते गुढीपाडवा असं वर्ष धरतात. शाळेतली माणसं जून ते मे धरतात, कारण त्यांची खरी निवांत पानं मे महिन्यातच उलटतात. यातलं काहीही चालेल. मला स्वतःला कॅलेंडर वर्ष बरं पडतं, कारण पावत्या, अॅप, ग्रंथालयाचं संगणकातलं खातं हे सगळं तारखेनंच शोधावं लागतं.

दोन नियम मात्र एकदाच ठरवून टाका. पुस्तक ज्या दिवशी संपलं, त्या वर्षाचं. दिवाळी अंक मात्र ज्या वर्षाचा, त्याच वर्षाच्या खात्यात, मग तो मार्चमध्ये वाचून होऊ दे. आणि आढावा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकू नका. शेवटच्या पंधरवड्यात सुट्ट्या असतात, तेव्हा वाचलेली पुस्तकं मग दोन्ही वर्षांतून गळतात.

२. काय धरायचं, काय नाही

पुस्तक कशाला म्हणायचं याची एक व्याख्या युनेस्कोने १९६४ मध्ये केली होती : मुखपृष्ठं सोडून निदान ४९ पानं. त्याहून कमी असेल ती पुस्तिका. ही व्याख्या देशोदेशीच्या प्रकाशनांची आकडेवारी जुळवण्यासाठी आहे. ती घरी लावली तर मुलांची बहुतेक चित्रपुस्तकं बाद होतात आणि एखादं उत्तम व्याख्यान छापलेली चाळीस पानी पुस्तिकाही बाद होते. तेव्हा पानं मोजत बसू नका. खालचे प्रश्न मात्र सुटायला हवेत.

पुन्हा वाचलेलं पुस्तक धरा, पण ‘पु’ अशी खूण करा. वर्षात पुनर्वाचन किती झालं, हे पुढे उपयोगी पडतं.

ऐकलेलं पुस्तक धरा आणि ‘श्राव्य’ असं लिहा. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. मला त्यात रस नाही. फक्त ते पूर्ण पुस्तकाचं वाचन होतं की संक्षिप्त रूप किंवा नाट्यरूपांतर, एवढं बघा. संक्षिप्त असेल तर तसं लिहा. नाहीतर वर्षभरानं कुणी मूळ पुस्तकातल्या एखाद्या प्रकरणाबद्दल विचारतं आणि आपण गोंधळतो.

मुलांना वाचून दाखवलेल्या पुस्तकांचा कागद वेगळा करा. एकच चित्रपुस्तक महिनाभर रोज रात्री वाचलेलं असतं, ते कुठल्याच हिशेबात बसत नाही. मुलं मोठी झाल्यावर हाच कागद सगळ्यात जास्त वेळा बाहेर निघतो.

ऑफिससाठी किंवा परीक्षेसाठी वाचलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं असेल तर धरा. दोन प्रकरणं चाळली असतील तर सोडून द्या. पोथी-पारायण यादीत घ्यायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरचं. मी घेत नाही.

दिवाळी अंक पुस्तकांत मिसळू नका. अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो काढून जे वाचलं त्यावर खूण करा. अंक ग्रंथालयाचा असेल तर त्यावर पेन्सिलही लावायची नाही, फोटोवरच गोल काढता येतो. चार अंकांच्या खुणा शेजारी ठेवल्या की आपण दर वर्षी कथा सोडतो आणि फक्त परिसंवाद वाचतो, किंवा कविता विभाग थेट ओलांडतो, हे दिसतं. ही गोष्ट ‘अंक वाचला’ अशा एका खुणेतून कधीच कळत नाही.

३. यादी उभी करा

आठवणीवर विसंबू नका. पुढच्या क्रमाने गेलात तर बहुतेक सगळं हाती लागतं.

*ग्रंथालय.* देवघेव काउंटरवर जाऊन ‘माझ्या नावावर वर्षभरात गेलेली पुस्तकं मिळतील का?’ असं विचारा. कोहा किंवा ई-ग्रंथालय अशी संगणक प्रणाली असेल तर यादी काही मिनिटांत निघू शकते. नोंदवही असेल तर तुमच्या पानावर बहुधा नुसते दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात आलं की त्याला मिळणारा क्रमांक) असतात, नावं नसतात. ते क्रमांक उतरवून घ्या आणि दाखल नोंदवहीत नावं शोधा. या कामाला दुपारची वेळ धरा, संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते. आणि मार्चअखेरीला जाऊ नका, तेव्हा ग्रंथपाल आर्थिक वर्षाच्या हिशेबात असतात.

इथे एक सापळा आहे. ग्रंथालयाची यादी म्हणजे घरी *नेलेल्या* पुस्तकांची यादी. त्यातली काही आईनं वाचलेली असतात आणि काही न उघडताच परत गेलेली असतात. एकेका नावासमोर खूण करत जा.

*पैसे.* ऑर्डर हिस्टरी वर्षानुसार गाळता येते. यूपीआयमध्ये दुकानाच्या नावानं शोधा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात रोख दिलेले पैसे कुठेच सापडणार नाहीत, ती पुस्तकं कपाटासमोर उभं राहूनच आठवावी लागतात. कपाट बघताना आडव्या रचलेल्या थरांकडे आधी बघा. नवीन आलेली पुस्तकं उभ्या रांगेत जागा नसल्यामुळे तिथेच असतात.

*फोन.* गॅलरीत तुम्ही एखाद्या उताऱ्याचा, मुखपृष्ठाचा फोटो काढलेला असतो. व्हॉट्सअॅपमध्ये ‘वाचतोय’, ‘वाचतेय’, ‘पुस्तक’ असे शब्द टाकून शोधा. मैत्रिणीला मे महिन्यात लिहिलेला दोन ओळींचा मेसेज हीच कित्येकदा त्या पुस्तकाची सगळ्यात प्रामाणिक नोंद असते. तो तसाच वहीत उतरवून घ्या.

*किंडल.* यूएसबीने संगणकाला जोडलं की ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची फाइल असते. अधोरेखित केलेलं सगळं तिथे तारखेसह असतं. बाहेरून टाकलेल्या फाइलींच्या खुणा बहुधा या फाइलीतच सापडतात, वेबवरच्या नोटबुकात दिसत नाहीत. शिवाय ही फाइल त्या एका यंत्रापुरतीच असते. यंत्र बदलण्याआधी तिची प्रत काढून ठेवा.

*गुडरीड्स.* फोनवरच्या अॅपपेक्षा संगणकावर उघडा. ‘माय बुक्स’मध्ये गेलं की आयात-निर्यातीचा दुवा दिसतो, तिथून सगळी यादी फाइल म्हणून उतरवता येते. ती फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. गूगल शीट्समध्ये उघडा, किंवा एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून आयात करताना यूटीएफ-८ निवडा. पुस्तक संपवल्याची तारीख तुम्ही घातली नसेल तर तो रकाना रिकामा असतो. शेजारची ‘यादीत घातल्याची’ तारीख ही वाचल्याची तारीख नव्हे. आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत नाव एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये अशी दोन-दोन पानं असतात, अनुवादाला मूळ इंग्रजी आवृत्तीची पृष्ठसंख्या चिकटलेली असते. तिथली पानांची बेरीज मराठी वाचकानं मनावर घेऊ नये.

४. तक्ता भरा

रकाने थोडेच ठेवा. वीस रकान्यांचा तक्ता फेब्रुवारीच्या पुढे जात नाही. मला हे पुरतात : नाव, लेखक, अनुवादक, मूळ भाषा, प्रथम प्रकाशनाचं वर्ष, प्रकार, कुठून मिळालं, कुणी सुचवलं, संपवल्याची तारीख.

अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर नसेल तर आतल्या नामपृष्ठावर असतं. त्याच्याच मागच्या पानावर बघितलं की अनुवाद थेट मूळ भाषेतून झाला की इंग्रजी-हिंदीच्या वाटेनं, याचाही बऱ्याचदा पत्ता लागतो. बंगाली किंवा रशियन कादंबरीच्या बाबतीत हे जरूर बघा, मूळ भाषा लिहिताना ‘बंगाली, हिंदीवरून’ असं लिहायला हरकत नाही.

प्रथम प्रकाशनाचं वर्ष हा किचकट रकाना आहे. प्रकाशनगृह बदललं की नवा प्रकाशक आपल्या पहिल्या छपाईला ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो, त्यामुळे साठ वर्षं जुनं पुस्तक कालचं वाटू शकतं. प्रस्तावनेखालची तारीख बघा. ती शके असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८८५ हे साधारण १९६३. तारीख पौष-माघातली असेल तर मात्र इसवी सन बहुधा उलटलेलं असतं आणि ७९ मिळवावे लागतात.

प्रकाराच्या रकान्यात ‘इतर’ हा शब्द लिहायचाच नाही, असा मी स्वतःला नियम घातला आहे. एकदा लिहिला की अर्धं वर्ष त्यात जाऊन बसतं. अडलं तर ग्रंथालयानं पुस्तकाच्या पाठीवर लावलेली चिठ्ठी बघा. दशांश पद्धतीचा वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेला आकडा, असेल तर काम सोपं होतं : ३०० च्या घरात सामाजिक शास्त्रं, ५०० मध्ये विज्ञान, ९०० मध्ये इतिहास-भूगोल. मराठी साहित्य ८९१.४६ वर सापडतं.

संगणकावर भरणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. ज्या रकान्यांची बेरीज किंवा क्रमवारी हवी, तिथले आकडे इंग्रजी अंकांत लिहा. देवनागरी अंकांना शीट बहुधा मजकूर समजते आणि बेरीज शून्य दाखवते. दुसरं, नावं एकाच पद्धतीनं लिहा. लेखकाच्या आद्याक्षरांनंतर एकदा टिंब आणि जागा, एकदा नुसतं टिंब, एकदा काहीच नाही, असं लिहिलंत तर संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे लेखक होतात. ‘पिव्हट टेबल’ (शीटनंच गटवार बेरजा मांडून दिलेला तक्ता) काढल्यावर डोक्याला हात लावण्यापेक्षा आधीच एक रूप ठरवा.

वहीत भरत असाल तर यातली कुठलीच भानगड नाही. डाव्या पानावर तक्ता, उजवं पान कोरं. ते कोरं पान सातव्या पायरीला लागेल.

५. अर्धवट सोडलेली आणि न उघडलेली

नवीन मंडळी ही पायरी गाळतात, कारण लाज वाटते. पण पूर्ण वाचलेल्या पुस्तकांवरून फारतर तुमची आवड कळते. निवड कुठे चुकते, हे सोडलेल्या पुस्तकांवरून कळतं.

प्रत्येक सोडलेल्या पुस्तकासमोर दोनच गोष्टी लिहा : कितव्या पानावर थांबलात आणि का. ‘कंटाळा आला’ हे कारण म्हणून चालणार नाही, त्याच्या आत जा. मला आणि आमच्या गटाला सापडलेली कारणं साधारण अशी :

- ग्रंथालयाची मुदत संपली
- अनुवाद अडखळत होता
- पात्रांची गर्दी, मधे चार दिवस खंड पडला आणि धागा सुटला
- टाइप बारीक, किंवा पुस्तक इतकं जड की झोपून धरता येईना
- ज्यांनी सुचवलं त्यांची आणि माझी आवडच वेगळी
- विषय हवा होता, पण हे पुस्तक नको होतं
- त्या आठवड्यात घरात दवाखाना, लग्न, परीक्षा

आता पानांचे आकडे बघा. सगळे थांबे पहिल्या पन्नास पानांत असतील तर तुम्ही पुस्तक न चाळता उचलता आहात. दुकानात उभ्या उभ्या मधलं एखादं पान वाचायची सवय लावा. पहिलं पान सगळ्यांनीच घासूनपुसून लिहिलेलं असतं, मधलं पान खरं बोलतं. थांबे दोनशेच्या पुढे असतील तर पुस्तक आवडत होतं, वेळ पुरला नाही. अशी पुस्तकं ग्रंथालयातून न आणता विकत घ्या किंवा मे महिन्यासाठी राखून ठेवा. ‘मुदत संपली’ हे कारण वारंवार येत असेल तर आधी मुदतवाढ मागा. पुस्तकाला दुसऱ्याची मागणी नसेल तर ती बहुतेक ठिकाणी मिळते, आपणच विचारत नाही.

चाळिशीनंतरच्या वाचकांनी टाइपचं कारण गंभीरपणे घ्यावं. ‘हल्ली माझं वाचनच होत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांचा चष्म्याचा नंबर बदललेला असतो.

याच पानावर दुसरी यादी करा : यंदा विकत घेतलेली पण अजून न उघडलेली पुस्तकं. प्रदर्शनात सवलत होती म्हणून घेतलेले संच इथे हमखास सापडतात. समोर किंमत लिहा आणि बेरीज करा. ही बेरीज ग्रंथालयाच्या वर्षाच्या वर्गणीशेजारी मांडली की पुढचं मी सांगायला नको.

ज्यांच्याशी तुमचं जमणार नाही, हे नक्की झालं आहे, ती पुस्तकं घरात अडवून ठेवू नका. ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक म्हणतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. तो तुमच्या कपाटात मिळणार नाही. ग्रंथालयाला देणार असाल तर आधी विचारून मग न्या. त्यांच्याकडे तीच प्रत असली तर त्यांनाही ती ठेवायला जागा नसते.

६. आकडे काढा, पण मोजकेच

एकूण संख्या लिहा आणि विसरा. चार कवितासंग्रह आणि एक हजार पानी चरित्र यांची बेरीज पाच होते, त्यातून काय समजणार?

त्यापेक्षा तक्त्याला हे विचारा : मराठी किती, इतर भाषांतली किती, अनुवादित किती? लेखिकांची किती? गेल्या पाच वर्षांत आलेली किती, पन्नास वर्षांपूर्वीची किती? एकाच प्रकाशनाची किती? गावाबद्दलची, शहराबद्दलची, आपल्या जिल्ह्याबाहेरची किती? आणि माझा आवडता प्रश्न, कुणी सुचवलेली पुस्तकं शेवटपर्यंत वाचून झाली?

या शेवटच्या उत्तरात गंमत असते. वर्तमानपत्रातली परीक्षणं, इन्स्टाग्राम, ग्रंथपाल, भाऊ, जुने शिक्षक असे रकाने पाडा आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण’ व ‘सोडलं’ मांडा. एखाद्याच्या नावावर सहा शिफारशी आणि पाच सोडलेली असतील, तर माणूस कितीही जवळचा असो, त्याची पुस्तकं लगेच विकत आणू नका. उलट देवघेवीच्या काउंटरवरच्या बाईंनी सहज हातात ठेवलेली सगळी वाचून झाली असतील, तर पुढच्या वर्षी त्यांना मुद्दाम विचारायचं.

टक्केवारी काढू नका. वर्षाला वीस-पंचवीस पुस्तकं वाचणाऱ्याच्या बाबतीत एक पुस्तक इकडचं तिकडे झालं की चार-पाच टक्के हलतात. साधे आकडे पुरेत.

७. प्रत्येक पुस्तकावर तीन ओळी

उजवीकडचं कोरं पान आता वापरायचं. पुस्तक समोर न ठेवता लिहा, मलपृष्ठ बघितलं की तिथलीच भाषा आपल्या पेनातून उतरते. पहिली ओळ : वाचताना काय झालं. दुसरी : आज काय आठवतं. तिसरी : कुणाला देईन.

बहुतेकांची पहिली नोंद अशी असते : ‘अप्रतिम कादंबरी. ओघवती भाषा. प्रत्येकाने वाचावी.’ ही नोंद कुठल्याही पुस्तकाला लागू पडते, म्हणजे ती कुठल्याच पुस्तकाची नाही. समजा पुस्तक एका गावातल्या वाटण्यांवरचं आहे. मग असं लिहिता येईल :

‘नात्यांचा गुंता सुटेना, शेवटी कोऱ्या कागदावर वंशावळ काढली आणि मग गाडी चालली. विहिरीच्या पाळ्या ठरतात तो प्रसंग : दोघे भाऊ बोलतायत आणि जावा न बोलता कळशा मोजत उभ्या आहेत. आत्याला द्यायचं, पण तिच्या घरचा दावा मिटल्यावर.’

काहीच आठवत नसेल तर ‘काही आठवत नाही’ असंच लिहा. गाजलेल्या पुस्तकासमोर ते लिहायला धीर लागतो, पण पाच वर्षांनी वही उघडल्यावर त्या ओळीचाच उपयोग होतो. तारांकनाच्या भानगडीत पडू नका. जानेवारीतले चार तारे आणि डिसेंबरातले चार तारे एकसारखे नसतात.

८. वर्षाची पुस्तकं निवडा

‘पहिली दहा’ अशी यादी करायला घेतली की सातव्या-आठव्या क्रमांकावर भरती सुरू होते. त्याऐवजी प्रश्न ठरवा आणि एकेकाला एकच पुस्तक द्या : कुठलं पुस्तक वाचताना झोप उडाली? कुठल्यामुळे दुसरं पुस्तक शोधत गेले? कुठल्याशी भांडण झालं? कुठलं पुन्हा वाचेन? एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल तर जागा रिकामी सोडा. रिकाम्या जागाही वर्षाबद्दल बोलतात.

९. लोकांना दाखवण्याआधी

आढावा फेसबुकवर टाकायचा असेल किंवा वाचनगटात वाचायचा असेल तर पाचव्या पायरीचं पान घरीच ठेवायला हरकत नाही. ते तुमच्यासाठी आहे. लेखकाचं, अनुवादकाचं आणि प्रकाशकाचं नाव मात्र प्रत्येक पुस्तकाला लिहा. शोधणाऱ्याला त्याशिवाय पुस्तक मिळत नाही आणि अनुवादकाचं नाव तर हमखास गळतं.

यादी टाकली की खाली ‘पीडीएफ आहे का?’ अशी विचारणा येतेच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. अनुवादाचा हक्क वेगळा, त्यामुळे मूळ पुस्तक मोकळं झालं तरी त्याचा अलीकडचा अनुवाद मोकळा नसतो. व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरणाऱ्या बऱ्याच मराठी फाइली चोरीच्या असतात. पाठवू नका, ग्रंथालयाचं नाव सांगा.

१०. पुढच्या वर्षाची तयारी

‘पन्नास पुस्तकं वाचेन’ असला संकल्प मी कुणालाच सुचवत नाही. त्यापायी माणसं नोव्हेंबरात बारीक पुस्तकं शोधत फिरतात. आढाव्यातून निघालेले दोन-तीन बदल लिहा, तेही करता येतील असे : प्रदर्शनात जाताना न उघडलेल्या पुस्तकांची यादी फोनमध्ये न्यायची. मराठी-इंग्रजी सोडून तिसऱ्या भाषेतले निदान दोन अनुवाद. दिवाळी अंकांतल्या कथा आधी.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘चालू’ पुस्तकं पानाच्या क्रमांकासह उतरवा. दुसऱ्या पानावर ग्रंथालयाच्या वर्गणीची तारीख, अनामत किती ठेवली आहे आणि एका वेळी किती पुस्तकं मिळतात ते लिहा. सभासदत्वाच्या ‘एक पुस्तक आणि एक मासिक’ या वर्गात असाल आणि मासिक कधीच नेत नसाल, तर वर्ग बदलून मिळतो का ते विचारा. अनामतीतला फरक भरावा लागेल, तेव्हा अनामतीची जुनी पावती सोबत न्या.